डाव्या बाजूला दोन बोटं

गाडी मागून डाव्या बाजूला बसते, एवढीच तक्रार होती.

आदिलाबादहून हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेच्या कडेला, इचोड्याला माझं गॅरेज आहे. सतरा वर्षांत ही तक्रार किती वेळा ऐकली असेल, त्याला गणती नाही. सात सीटांची उंच गाडी जुनी झाली की मागच्या पाट्या, म्हणजे स्प्रिंगांच्या पट्ट्या, थकतात. म्हातारपणी माणसाची कंबर जाते तशाच. त्यामुळे जानेवारीतल्या त्या दुपारी जीवन गाडी घेऊन आला, तेव्हा मी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही.

"कापूस कोंबला असशीन दाबून दाबून," मी म्हणालो.

"नाई न भाऊ. महिना झाला, कापसाचं एक बोंड नाई भरलं गाडीत. रिकामीच फिरून राह्यली."

जीवन आदिलाबादच्या उत्तरेला, बेल्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला. घरची कपाशी आणि ज्वारी, जोडीला ही गाडी. वऱ्हाड, बाजार, दवाखान्याचे पेशंट, सगळं याच गाडीतून. साठ किलोमीटर तुडवत तो माझ्याकडेच यायचा. का, तर म्हणे खुशालभाऊ, म्हणजे मी, गाडीशी खोटं बोलत नाही. ते खरंच आहे. पण माणसांशी बोलतो; धंदाच तसा आहे. मागच्या दाराचं लॉक अडकलं म्हणून तो दिवाळीच्या सुमारास आला होता. आतून-बाहेरून कसंच उघडत नव्हतं ते दार. मी म्हणालो, चार दिवसांत मागवतो. आणि साफ विसरलो.

चाक आणि वरचा पत्रा यांच्यातलं अंतर मी बोटांनी मोजतो. उस्तादाने तसंच शिकवलं. उजवीकडे सात बोटं भरली, डावीकडे पाच. पाट्यांचा सेट उतरवला, नवीन टाकला, गाडी खाली घेतली. दोन्हीकडे सात. जीवन खूश होऊन गेला.

आठवड्याने परत आला. डावीकडे पाच.

मी चिडलो, पण दुकानदारावर. माल खराब दिला म्हणून त्याला फोनवर चार शब्द सुनावले. शॉकअप बदलले, बुश बदलले. तिसऱ्या खेपेला मला माझ्याच कामाची शंका यायला लागली. म्हणून डावीकडची पाटी उजवीकडे टाकली आणि उजवीकडची डावीकडे. दोष पाटीत असेल तर आता गाडी उजवीकडे बसायला हवी. ती बसली डावीकडेच. आणि या वेळी माझ्या डोळ्यांदेखत बसली. जॅक काढला तेव्हा सात बोटं होती. मी हात पुसायला वळलो, मागून पाटीचा एक लांब, दमलेला आवाज आला... कर्रर्र... आणि पाहतो तर पाच.

जीवन दूर चिंचेखाली उभा होता. गाडीत कोणी नव्हतं.

"चाल, काट्यावर घेऊ," मी म्हणालो. अंदाजाने काम करायचा मला कंटाळा आला होता.

आमच्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगचा वजनकाटा दिवसभर चालू असतो. आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली. त्यामुळे गेल्या साली याच काट्यावर हीच गाडी रिकामी तोलल्याची पावती जीवनच्या गाडीतल्या खणातच होती. आम्ही जॅक, पाने, स्टेपनी, सगळं तेव्हासारखंच ठेवलं. डिझेलसुद्धा तेवढंच भरलं. दोघंही खाली उतरलो. काट्यावरच्या पोराने पावती काढून दिली, त्याला त्यात काही विशेष दिसलं नाही.

चाळीस किलो जास्त.

मी ती पावती जीवनच्या हातात दिली. त्याने पाहिली आणि काट्याच्या कठड्यावर बसला.

"खुशालभाऊ... दवाखान्यात माह्या मायचं वजन केलं होतं. शेवटच्या दिवशी."

"मग?"

"चाळीस भरलं होतं."

त्याची आई द्वारकाबाई डिसेंबरात निर्मल शहरातल्या एका दवाखान्यात गेली, हे मला ठाऊक होतं. पुढचं त्याने तिथेच बसून सांगितलं. शेवटचे चार दिवस तिचा एकच हट्ट होता, मले घरी ने. मरायचं तर आपल्या घरी. जीवनने तिचा हात धरून वचन दिलं होतं, नेतो माय, मीच नेतो. पण ती त्याआधीच गेली. मग त्याने दुसरी गाडी केली नाही. स्वतःच्या गाडीत, मधली सीट पाडून, डाव्या अंगाला तिला निजवलं आणि स्वतः चालवत घरी आणलं.

मयत नेणाऱ्या गाडीची आमच्या भागात एक रीत आहे. मयत दारात उतरवली की ड्रायव्हरने मागचं दार सताड उघडायचं आणि म्हणायचं, पोचलो, उतरा. मग तांब्याभर पाणी चाकावर टाकायचं, तेव्हा गाडी पुन्हा सुरू करायची. ज्याने आणलं त्यानेच सांगायचं, दुसऱ्या कोणी सांगून चालत नाही.

"मागचं दार त उघडतच नव्हतं," जीवन म्हणाला. "मधल्या दारातनं काढली तिले आम्ही. अन् डायवरही मीच, पोरगाही मीच. मी खांद्यापाशी होतो भाऊ. रडून राह्यलो होतो. ते शब्द कोण म्हणन? कोणीच नाई म्हटले."

मागचं दार उघडत नव्हतं. मी खाली मान घालून बुटाने माती उकरत राहिलो. आमच्या घरात उतारा, अंगारा, भूतखेत यांना जागा नाही. बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून आम्हाला शाळेत घातलं, ते असल्या गोष्टींना भ्यायला नव्हे, असं तो स्वतःच सांगायचा. मीही तेच मानतो. तरी त्या दुपारी मला फार शरम वाटली.

परत आल्यावर सगळी कामं बाजूला सारून मी त्या दाराला भिडलो. सामान नव्हतं तर एका भंगार गाडीचं लॉक काढलं, घासलं, बसवलं. दार उघडायला सहा वाजले. थंडीचे दिवस, तेवढ्यात अंधारून आलं होतं. हायवेवर ट्रकांचे दिवे लागले होते. मी हँडल ओढलं आणि दार उघडताच आतून वास आला. दवाखान्याच्या औषधाचा, आणि त्याखाली तंबाखू-चुन्याचा. कोणी आत्ताच मळून दाढेखाली ठेवल्यासारखा ताजा.

"खात होती?" मी हळूच विचारलं.

जीवनने मान डोलावली.

"आता घरी जा," मी म्हणालो. "दारात गाडी लाव, मागचं दार उघड, अन् म्हण."

तो हलेना. किल्लीचा जुडगा हातात घेऊन उभा राहिला.

"साठ किलोमीटर हाय भाऊ... अंधाराचं. आतापर्यंत मले माहीत नव्हतं. आता माहीत हाय न." त्याने आवाज आणखी खाली आणला. "माही मायच हाय ते. पण मले भेव लागून राह्यलं."

स्वतःच्या आईला भ्यावं लागतंय, याची त्याला लाज वाटत होती. मोठा माणूस लहान पोरासारखा माझ्याकडे पाहत होता. मला त्याची कीव आली. आणि खरं सांगायचं तर मलाही ती गाडी माझ्या आवारातून लवकर जायला हवी होती. मला वाटलं, शब्दच तर आहेत. इथे म्हटले काय, तिथे म्हटले काय. याच्या मनाचं समाधान झालं म्हणजे झालं.

"इथंच म्हण," मी म्हणालो.

"चालते?"

"काऊन नाई चालत? तूच आणलं, तूच सांग."

जीवन मागच्या दारासमोर उभा राहिला. हात जोडले. ट्रक जाईपर्यंत थांबला.

"माय... पोचलो आपण. उतर."

काही क्षण काहीच झालं नाही. मग पाटी वाजली. आधी थोडी, मग थांबून आणखी थोडी. म्हातारं माणूस एक पाय खाली टेकवतं, अंदाज घेतं आणि मग दुसरा पाय काढतं, तसा वेळ गेला त्यात. गाडी डावीकडून वर आली. मी बोटं लावली. सात.

जीवन ढसाढसा रडला. मग त्याने चाकावर पाणी टाकलं, माझे ग्रीसने माखलेले हात स्वतःच्या डोळ्यांना लावले आणि गाडी घेऊन गेला. गाडी इतकी हलकी चालली होती की मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. हो, वाटला. लपवून काय करू.

मी पाने गोळा करायला वाकलो. आवारातल्या बाकाच्या बाजूने तंबाखू-चुन्याचा वास आला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

पोचलो, असं आम्ही तिला सांगितलं होतं. कुठे पोचलो? इचोड्याला. साठ किलोमीटर अलीकडे, एका परक्या गावात, हायवेवर, जिथल्या दुकानांवरच्या तेलुगू पाट्याही तिला वाचता येणार नाहीत. ती बाई आयुष्यात आदिलाबादच्या पुढे आली ती एकदाच, तीही निर्मलच्या दवाखान्यात मरायला. पोरगा म्हणाला घर आलं, म्हणून ती विश्वासाने उतरली. आणि पोरगा गाडी घेऊन निघून गेला.

"बाई..." मी हाक मारली. "द्वारकाबाई... इथंच थांबा. चूक झाली. सकाळी मी नेतो तुम्हाले. मी स्वतः नेतो..."

तेवढ्यात पलीकडे पाटी वाजली.

आवारात आणखी एक गाडी उभी होती. तीही जीवनच्या गाडीसारखीच जुनी, सात सीटांची, पांढऱ्या रंगाची. अनंतपूरचा एक ड्रायव्हर ती घेऊन आला होता. पाण्याचा पाईप फुटला होता, तो मी दुपारीच बदलून ठेवला होता. तो समोरच्या ढाब्यावर जेवून, झोप काढून आता परत आला होता आणि सीटवर चढत होता. मला वाटलं, त्याच्याच वजनाने पाटी वाजली असेल. असं वाटून घेण्यात माझी दोन-तीन पावलं गेली.

मग मला गाडीची मागची बाजू दिसली. डावीकडे दोन बोटं खाली.

"ओ भाई! रुको!"

त्याच्या काचा वर होत्या, आत तेलुगू गाणी लागली होती. मी हायवेपर्यंत धावलो. गाडी वळली, आणि वळली तीही दक्षिणेला. हैदराबादकडे. घराच्या बरोबर उलट दिशेला. मी मोटरसायकल काढली, निर्मलच्या बाजूने दहा-बारा किलोमीटर मारली. ट्रकांच्या रांगेत सगळे लाल दिवे सारखेच दिसत होते. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. रस्त्याच्या कडेला थांबून मी नुसता उभा राहिलो. पोलिसांना सांगायचं तरी काय, आणि कोणाला सांगायचं?

सकाळी जीवनचा फोन आला. त्याचा आवाज मोकळा झाला होता.

"लय दिवसानं झोपलो भाऊ. आता घर कसं शांत वाटून राह्यलं. माय पोचली. तुमचे उपकार नाई फिटत."

मी तोंड उघडलं. पंचफुला, माझी बायको, समोर बसून मला पाहत होती. तिला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं. तिने मान हलवली. सांगू नका. मीही म्हणालो, "हो रे. पोचली." गाडीशी खोटं बोलत नाही म्हणून जो माझ्याकडे यायचा, त्याला.

दुपारी अनोळखी नंबर वाजला. काचेवर माझ्या गॅरेजचा स्टिकर लावलेला असतो, त्यावरून लावला होता. अनंतपूरचा ड्रायव्हर.

"भाई, गाड़ी को क्या किया आपने? एक साइड बैठ रही थी."

"अभी... अभी कैसी है?"

"अभी ठीक है. सुनो ना भाई... एक बात पूछनी थी." त्याने आवाज खाली आणला, दिवसाढवळ्या. "वो, 'घर आलं का' बोले तो क्या होता है?"

"किसने बोला?" मी विचारलं.

"पीछे से आता था. बुढ़िया का आवाज. जहाँ भी कोई गाँव आए, बत्ती दिखे, तो वही. घर आलं का... घर आलं का... मैं अकेला था भाई."

"फिर? आपने क्या बोला?"

"क्या बोलता? समझा तो नहीं. डर के मारे बोल दिया, हाँ अम्मा, आ गया, आ गया. फिर आवाज बंद. गाड़ी भी हलकी हो गई."

"कहाँ?" मी ओरडलोच. "कहाँ पे बोला?"

त्याच्या मागे कुठल्याशा टोलनाक्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"मालूम नहीं भाई. दोनों तरफ अंधेरा था. मैंने तो गाड़ी रोकी भी नहीं."