पहिला करकोचा

मेल्यावरही स्टोयना म्हातारीचे गाल गुलाबी होते.

“विषच!” डॉक्टर म्हणाला. “मी आलो तेव्हा धुगधुगी होती. बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, नव्याण्णव टक्के! श्वास ठीक, म्हणजे सुनेचा काढाच भोवला.”

विधवा सून वेलिकाचा दंड हवालदारानं धरला होता. “ज्लातिनाताई, सासूबाई जाणार असं वाटलं. आत्म्याला वाट म्हणून खिडकी सताड उघडली नि डॉक्टरांकडे धावले. एवढंच केलं मी!”

अंगणातल्या काटक्यांना अडखळून, तपासाला आलेल्या ज्लातिनाचा जोडीदार पेन्यो करवादला, “झाडतं की नाही कोणी इथं?”

म्हातारीचा भाचा राद्को ओट्यावर बसला होता. साऱ्या गावाच्या मनगटांवर मार्चचा लाल-पांढरा दोरा होता; पहिला करकोचा दिसला की तो सोडून झाडाला बांधायचा. याचं मनगट मोकळं.

“करकोचा दिसला वाटतं?” ज्लातिनानं विचारलं.

“काल! इथूनच. गावात पहिला मलाच. दोरा लगेच आलुबुखाराच्या झाडाला बांधला.”

“नशीबवान आहेस. मावशीची शेगडी कोणी पेटवली?”

“मीच, रात्री. लाकडी कोळसा, धुराचं नाव नाही.”

“धुराडं बघितलंस?”

“वर कोण बघतं, बाई?”

“पेन्यो, शिडी लाव.”

पेन्यो कुरकुरत चढला आणि धुराड्यातून ओंजळभर काटक्या घेऊन उतरला.

ज्लातिना आधी डॉक्टरवर कडाडली. “रक्तातल्या लोहावर प्राणवायूची जागा असते. कोंडलेल्या कोळशाचा वायू ती बळकावतो, सुटता सुटत नाही. उरलेला प्राणवायूही मग रक्त सोडत नाही. रक्त लालच राहतं, म्हणून चिमटा फसतो. जागा भरलीय एवढंच त्याला कळतं, कोणी भरलीय ते नाही! हे गाल बघूनही तुम्ही प्राणवायू दिला नाहीत?”

मग ती राद्कोकडे वळली.

“आणि तू! करकोचा इथूनच दिसला म्हणतोस. इथून दिसतं काय? हे एकच धुराडं, त्यावरच करकोचा घरटं बांधतोय. घरट्याच्या काटक्या आत पडताना बघितल्यास, तरी शेगडी पेटवलीस. म्हातारी मेली, सून तुरुंगात गेली, की घर तुझं!”

“करकोचा आणला काय मी?” राद्को ओरडला.

“नाही. पण कोळसा तूच आणलास.”

हवालदारानं वेलिकाला सोडून त्याचा दंड धरला.

वर धुराड्यावर करकोच्याची चोच खडखडली. साऱ्यांच्या माना वर झाल्या, पण दोऱ्याला कोणी हात लावला नाही.

वेलिका राद्कोपुढे आली. “तुझाही दोरा सासूबाईंनीच बांधला होता ना रे? गाल लाल राहोत, म्हणाल्या होत्या.”

आणि ती त्याच्या तोंडावर थुंकली.