दीपेशचा चार्जर

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या घरात घडलेली आहे. त्या घरातली दोन माणसं अजून हयात आहेत आणि त्यांनी हे वाचलं तरी मला चालेल.

म्हणून नावं बदललेली नाहीत.

साल २००७. मे महिन्यातला गुरुवार. गाव पूर्णा, भिवंडी. दुपारचे तीन वाजायला आले होते.

हो, दुपारच. आमच्याकडे जे काही झालं ते सगळं भर उन्हात झालं.

आधी फेब्रुवारीतलं सांगावं लागेल.

घरात आम्ही चौघं. आई, मोठा भाऊ प्रितेश, म्हणजे आमचा दादा, मधला दीपेश आणि मी, रुचिका. बाबा मी शाळेत असतानाच गेले. दीपेश गावातल्याच एका गोडाऊनवर सुपरवायझर होता. फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी त्याचं आणि दादाचं जोरात वाजलं. रस्त्याकडचं शेत गोडाऊनवाल्याला द्यायचं दादाच्या मनात होतं. दीपेश सही करत नव्हता. दुपारी न जेवताच बाईक काढून तो अंबाडीला मित्राकडे निघाला.

पोचलाच नाही.

वाटेत एका मोरीजवळ बाईक घसरली. तो खाली कोरड्या ओढ्यात पडला. रस्त्यावरून दिसत नव्हता. तास दीड तास तसाच पडून होता.

शेवटी लल्लन नावाच्या टेम्पोवाल्याने त्याला पाहिलं. यूपीचा माणूस, यंत्रमागाचं सूत वाहायचा. त्याने एकट्याने दीपेशला वर काढलं आणि हॉस्पिटलला नेलं. दादा तिथे सगळ्यांच्या आधी पोचला. आई आणि मी गेलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दीपेशचं घड्याळ मिळालं. पाकीट मिळालं. फोन मिळाला नाही.

दादा म्हणाला, "फोन टेम्पोवाल्यानेच ढापला असणार."

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी लल्लनला धरून आणलं. आमच्याच अंगणात मारलं. तो आईपुढे हात जोडून एकच सांगत होता, "फोन उसके हाथ में था, भाभी. बार-बार लगा रहा था. हमने बड़े भैया के हाथ में दिया. पूछो उनसे."

आईने दादाकडे पाहिलं.

दादा म्हणाला, "खोटं बोलतोय."

मी ओटीवर उभी होते. मला दादाचं पटलं. त्या माणसाच्या तोंडातून रक्त येत होतं आणि मला वाटलं, बरं झालं.

हे लिहिताना आजही हात थांबतो.

नंतर घर शांत झालं. दीपेशच्या खोलीत त्याचा चार्जर बोर्डाला तसाच होता. बटण चालू, पिन खाली लोंबत. मी काढायला गेले तर आई म्हणाली, "त्याला हात नको लावू. राहू दे."

राहू दिला.

मी रोज एकदा दीपेशचा नंबर लावायचे. त्याचं सिम लाइफटाइमवालं होतं, नंबर बंद झाला नव्हता. रोज तेच ऐकू यायचं, फोन बंद आहे. कापायचे. वेड्यासारखं, पण लावायचे.

एप्रिलचं लाईटबिल वाढून आलं. घरातलं एक माणूस कमी झालेलं, आणि बिल वाढलेलं. दादाने सावळाराम वायरमनला बोलावलं. म्हातारा माणूस, गावातल्या निम्म्या घरांची फिटिंग त्यानेच केलेली.

तो हसून म्हणाला, "रुचिका, तुमी टीव्ही रिमोटने बंद करता ना? तो झोपतो, बंद न्हाय होत. लाल दिवा जळत राहतो. चार्जर बोर्डाला ठेवलास तर रिकामा असला तरी थोडं थोडं खातो. रातदिवस."

मग त्याने एकेक प्लग काढला. टीव्ही. टेप. मिक्सर. फ्रिज. पंखे बंद केले. दर वेळी ओटीवर जाऊन मीटर बघायचा. आमचं मीटर जुनं, काचेआड फिरणारी चकती असलेलं.

चकती फिरतच होती...

फक्त दीपेशची खोली राहिली होती. सावळाराम आत गेला, चार्जरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"याला काय लावलंय?"

"काही नाही, काका. रिकामाच आहे."

तो लोंबणाऱ्या पिनकडे बघत राहिला.

"रिकामा चार्जर कोमट होतो. हा तापलाय. फोन लावल्यावर तापतो तसा."

आई दारात येऊन उभी राहिली. "सावळाराम, तो सोडून दुसरं काय ते बघ."

त्याने आईकडे पाहिलं. पिशवी उचलली आणि चहा न घेताच गेला.

आता तो गुरुवार.

त्या दिवसांत भारनियमन होतं. दुपारी दोन ते पाच लाईट नसायची. पंखा बंद, फ्रिज बंद. शेजारच्या गोडाऊनमधली घरघरही बंद. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. दादाला सुट्टी होती, तो जेवून ओटीवर वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता. मी भांडी पालथी घालायला बाहेर आले.

सहज मीटरकडे नजर गेली.

चकती फिरत होती...

लाईट नव्हती. मी आत जाऊन पंख्याचं बटण दाबून पाहिलं. पंखा हलला नाही. पुन्हा बाहेर आले.

हळू नाही. चांगली जोरात फिरत होती.

मी काही न बोलता दीपेशच्या खोलीत गेले. चार्जरला बोट लावलं. चटका बसला.

पिन लोंबत होती. पण सरळ लोंबत नव्हती. किंचित ताणलेली होती... दादाच्या खोलीच्या भिंतीच्या दिशेने.

मला काय सुचलं माहीत नाही. मी माझा मोबाईल काढला आणि दीपेशचा नंबर लावला.

फोन बंद आहे, असं कुणी म्हणालं नाही.

रिंग जात होती...

आणि भिंतीपलीकडे काहीतरी वाजायला लागलं.

दीपेशचीच रिंगटोन. दबलेली, कपड्यांच्या आतून यावी तशी.

दादाच्या कपाटातून.

मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो माझ्या आधी तिथे पोचला होता. ओटीवरून धावत आला असणार. त्याच्या कपाळावर घाम होता.

"फोन ठेव, रुचू."

"कपाट उघड."

"तू आधी फोन ठेव."

"दादा, उघड."

त्याने खिशातून चावी काढली. दोनदा लावली, भोकात बसेना. शेवटी मीच उघडलं. खालच्या कप्प्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. दीपेशचा काळा नोकिया. पडद्यावर उजेड, त्यात नाव... रुचू.

मी उचलून उलटा केला.

मागचं झाकण नव्हतं. बॅटरीची जागा रिकामी होती.

फोन माझ्या हातात वाजत होता.

मग थांबला. पडदा काळा झाला. परत कधी लागला नाही.

दादा खाली बसला.

"त्याने तुला फोन केला होता," मी म्हणाले.

"अकरा वेळा." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "मला वाटलं परत भांडायला करतोय. पहिले दोन मी कापले. मग सायलेंट केला. मला काय माहीत गं, तो तिथे पडलाय म्हणून."

"आणि लल्लन?"

त्याने खाली पडलेलं बनियन उचललं.

"लल्लनने तुझ्या हातात दिला होता ना हा?"

"त्यात अकरा कॉल होते, रुचू. सगळे माझ्या नावावर. आईला काय तोंड दाखवलं असतं?"

"म्हणून त्या माणसाला मार खाऊ दिलास. आणि बॅटरी काढून लपवून ठेवलास."

दादाने मान वर केली. तो खरंच गोंधळला होता.

"बॅटरी मी नाही काढली."



"मीनी काढली," दारातून आवाज आला.

आई उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. पदर हातात घट्ट धरलेला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"कपडे ठेवताना दिसला. दिवस करायच्या आधीच."

दिवस करायच्या आधी. म्हणजे लल्लनला अंगणात आणलं, त्याच्याही आधी. तो हात जोडून 'भाभी, भाभी' म्हणत होता तेव्हा हिला ठाऊक होतं. तिने दादाकडे पाहिलं होतं ते विचारायला नव्हे.

"एक पोरगा गेला," आई म्हणाली. "दुसऱ्याला पन गावासमोर घालवू?"

"मग बॅटरी का काढलीस?"



"बंद होता तरी वाजायचा," ती म्हणाली. "रोज दुपारी. याच वक्ताला. प्रितेश कामावर, तू कॉलेजला. मी घरात एकटी... कपाटात वाजायचा. माझ्याच्याने ऐकवंना. तर एक दिवस चावी घेतली आनि काढून टाकली. शेतात पुरली."

"आणि चार्जर? तो का काढू दिला नाहीस?"

"सगळंच कसं काढून घेऊ त्याच्याकडून?"

एवढंच बोलून ती आत गेली. जाताना तिने दीपेशच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

त्यानंतर चार्जर कधी तापला नाही. मीटरची चकती भारनियमनात गप्प राहायला लागली. सावळारामकाकांना मी दोनदा विचारलं. त्यांनी विषय बदलला.

मी लल्लनला शोधायला टेम्पोस्टँडवर गेले होते. तो मुलुखाला परत गेला होता. एका कानाने त्याला ऐकू येईनासं झालं होतं, असं तिथल्या एकाने सांगितलं. गावाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

गावातही मी काही बोलले नाही. दादाचं लग्न ठरत होतं. आई म्हणाली, "तुझ्या पाया पडते." मी गप्प बसले. म्हणजे लपवणाऱ्यांत तिसरी मीच.

आता माझंही लग्न झालं आहे. मी टेमघरला राहते. दादा भाऊबीजेला येतो. मी ओवाळते. त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही.

परवा आईला ताप होता म्हणून पूर्णाला गेले होते. दुपारी ती झोपली होती, मी उशाशी बसले होते. अचानक तिने माझं मनगट पकडलं. डोळे मिटलेलेच होते.

"रुचू, कडी लाव."

"कुठली कडी, आई?"

"तो ओटीवर उभा हाय. त्याला आत नको घेऊ."

"कोण?"

 तिने मनगट सोडलं नाही. ज्याला नऊ महिने पोटात वाढवला, त्याच्यासाठी ती कडी लावायला सांगत होती.

मी तिची बोटं सोडवली. ओटीवर गेले. ऊन रणरणत होतं. अंगण रिकामं होतं.

मी दार सताड उघडलं आणि मध्ये दगड लावून ठेवला.

आत कुणी आलं की नाही, मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. फक्त आतल्या खोलीतून आईचा आवाज आला... कुणाला तरी, अगदी हळू, ती म्हणत होती, "जेवलास का रे?"