पॉइंटची उघडझाप

शिवणकाम करणाऱ्या बाईला गाडीचं वायरिंग कसं काय जमतं, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. "आधी एक काज करून दाखवा, मग बोलू."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नवऱ्याची जुनी गाडी होती. भंगारात निघालेली ती गाडी त्यानं घरी आणली, इंजिन उतरवलं, धुतलं, पुन्हा चढवलं. रोज संध्याकाळी त्या मुक्या गाडीत बसून तो म्हणायचा, "एकदा ही सुरू झाली ना, की मग बघ!" काय बघायचं ते त्यानं कधी सांगितलं नाही. इंजिनाला ठिणगी देणारे भाग तेवढे मिळायचे राहिले होते, आणि तेवढ्यात एका सकाळी तो न्हाणीघरात कोसळला. अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई बरेच महिने घरी येत होत्या. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "आता सवय करून घ्या."

तिनं सवय करून घेतली नाही. गाडीचा आवाज ऐकला की हा बोलणार, हे तिनं मनाशी पक्कं केलं. का, ते विचारू नका. तिला ते कापडाचा उभा-आडवा धागा कळावा तसं कळत होतं.

दीर समजावून थकला. "वहिनी, ती गाडी नाही, कोंबड्यांचं खुराडं आहे."

"मग अंडी द्यायला लावते," ती म्हणाली.

कॉइल मिळाली. प्लग मिळाले. चावीचा स्विच एका मोडीत काढलेल्या टेम्पोतून आला. अडलं होतं ते डिस्ट्रिब्युटरपाशी. वाटीएवढी वस्तू, पण प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटायचं काम तिचं. आत पॉइंट म्हणून दोन चिमुकली टोकं असतात. इंजिन फिरलं की त्यांची उघडझाप होते, इंजिन थांबलं की ती गप्प. त्या मॉडेलचा डिस्ट्रिब्युटर कुठंच मिळेना. जुन्या बाजारातल्या ज्या दुकानदाराला सगळे बोळकं म्हणत, त्याच्याकडे तो शेवटी सापडला.

"कुठल्या गाडीतला?" तिनं उलटसुलट करून पाहत विचारलं.

बोळकं दात नसलेलं हसलं. "दुकानासमोर उभी केली होती हो. त्या माणसानं बॉनेट उघडलं, हा काढला, माझ्या हातात दिला. मग गाडीत बसला आणि गेला निघून."

"याच्याशिवाय गाडी चालेल तरी कशी?"

"मीसुद्धा तेच म्हटलं त्याला. तर जाताना हॉर्न वाजवला मेल्यानं!"

दुकानातले दोघं-तिघं हसले, तीही हसली. घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर होती, आणि मांडीला ऊब लागत होती. उन्हात पडला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी पान्ह्यांशेजारी पडलेला तो उचलला, तर पान्हे गारठलेले आणि तो मात्र नुकताच इंजिनावरून उतरवल्यासारखा कोमट.

तिनं तो फडक्यात धरून बसवला.

वायरिंगची तिची स्वतःची रीत होती. आधी कच्चा टाका, मग पक्का. वायरी नुसत्या पिळून जोडायच्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा, सगळं पाहून झालं की मगच डाख द्यायचा आणि चिकटपट्टी गुंडाळायची. नवरा शेडच्या दारात चाकाच्या खुर्चीत बसून बघत असे. तीच दोघांच्या वतीनं बोलायची. "ही लाल कॉइलला, बरोबर ना? हो म्हणा. मान हलवली तरी चालेल. बरं, नका हलवू."

तपासायला तिनं एक छोटा बल्ब जोडला. एक टोक कॉइलच्या वायरीला, दुसरं गाडीच्या सांगाड्याला. बॅटरी अजून चार्जिंगच्या दुकानात होती. तेव्हा बल्ब लागायचा प्रश्नच नव्हता. परीक्षेआधी उजळणी करावी तसं ती फक्त जोडून बघत होती.

बल्ब लागला.

नुसता लागला नाही, थरथरू लागला. बारीक, एकसारखा.

तिनं सगळं उसवलं. वायरी मोकळ्या केल्या, घराची वीज कुठून आत शिरतेय का पाहिलं, मेन स्विचही पाडला. पुन्हा कच्चा टाका घातला. बल्ब तसाच थरथरत राहिला. झाकण काढून पॉइंट पाहिले. ते मिटलेले होते, स्थिर. इंजिन थंड होतं. पण ही थरथर तिला ओळखीची होती. कुठंतरी एक इंजिन जागेवर सुरू होतं.

मग थरथर दाट झाली. शिवणयंत्राच्या सुईकडे बघण्यात तिचा जन्म गेला होता. पायाखाली वेग वाढला की सुई कशी दिसते हे तिला नव्यानं शिकायचं नव्हतं. वेग वाढला, एकदम तुटला, पुन्हा वाढला. गिअर बदलला. पुन्हा बदलला. कुणीतरी रस्त्याला लागलं होतं.

त्यानंतर रोज ती वाचत गेली. इथं चढ. इथं वळण. इथं फाटकाशी थांबला असणार. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? एकदा सहज वळून पाहिलं, तर नवऱ्याच्या चांगल्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर सरकत होती. पुढं, मागं, पुढं. आणि बल्बातला वेग त्यानंतर तुटत होता. आधी हात, मग बल्ब.

तिचा हात डिस्ट्रिब्युटरकडे गेला आणि परत आला. हा भाग काढून टाकला तर दुसरा मिळणार नव्हता. शेवटी ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"हे बघा, ती कोण चालवतंय ते चालवू दे. मला आपली गाडी सुरू करायचीय."

बॅटरी आली त्या दुपारी तिनं दिराला बोलावलं. दोघांनी मिळून नवऱ्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं.

"वहिनी, चाकं रंगवायला दिलीत आणि दादाला गाडीत बसवताय? ठोकळ्यांवर ठेवलेली गाडी नेणार कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं ऐकवायचंय त्यांना."

दीर मान हलवत शेडच्या मागच्या दारात जाऊन उभा राहिला.

तिनं ठरवलं होतं, ती दुसरी गाडी उभी असतानाच बॅटरी जोडायची. ऐन चढावर कुणाचा करंट काढून घेऊ नये, एवढी माणुसकी तिच्यात होती. ती बल्बकडे बघत थांबली.

त्या दिवशी ती गाडी थांबेना. बल्बात थरथर उरलीच नव्हती, नुसता एकसंध उजेड होता. मोकळा रस्ता असणार, आणि पाय पार खाली.

नवऱ्याचे ओठ हलले.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आवाज नाही, पण ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

मग तिला थांबवेना. तिनं बॅटरीची वायर आवळली, बल्ब तोडून फेकला, धावत येऊन स्टिअरिंगमागे बसली. गिअर सुटा आहे ना पाहिलं. चावी फिरवली.

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं.

कुरकुर नाही, खोकला नाही. जणू कधी बंद नव्हतंच. आवाज चढाच होता. तिचा पाय कशावरही नव्हता.

"अहो," ती म्हणाली. "ऐकताय ना? अहो!"

त्यानं घसा साफ केला.

"अगं, हळू," तो म्हणाला. तोच आवाज. थोडा वैतागलेला, थोडा मायेचा. "पुढं कुणीतरी उभंय."

समोर शेडची भिंत होती. भिंतीपाशी कुणी नव्हतं. तो भिंतीकडे बघतच नव्हता, तिच्या पार पलीकडे बघत होता.

"अगं!"

तिनं दोन्ही पावलांनी ब्रेक दाबला.

ठोकळ्यांवरची गाडी थांबायला थोडा वेळ लागला.