मठाच्या दाराला पाठ

मच्छिंद्र माझा सख्खा मेव्हणा. रचून बोलनारा मानूस न्हवं. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

बाहत्तर साल, पौषातली अवस. मच्छिंद्र घोंगडी न् कंदील घेऊन नाथाच्या मठाकडं निघाला. सकाळी गवंडी येऊन वेढ्यात मेलेल्यांच्या नावांचा दगड तिथं बसवनार हुता. तवर राखन करायची, एवढंच काम.

आमचं गाव जामखेडच्या अंगाला, शिवेवरचं. पलीकडं पूर्वी निजामाचं राज्य. अठ्ठेचाळीस साली रझाकार आले, तवा बायापोरं घेऊन लोक मठात कोंडून बसले. रझाकारांनी वेढा दिला. शेवटी दार गेलं, मानसं मेली. पन दार गेलं कसं, ह्याच्यावर गावात दोन तोंडं.

त्या सांजंलाबी पारावर तेच. गावातला म्हातारा गहिनीनाथ, त्याचा भाऊ वेढ्यात आत मेलेला. गहिनीनाथ म्हनला, "दार फुटलं न्हाई. पीरमहंमदनं आतून कडी काढली. त्याचं नाव कोरलं तर दगड फोडीन मी!"

पीरमहंमद मठात पानी भरायचा. त्याची लेक हसीना समोरच उभी. "माझा बाप दाराला पाठ लावून उभा हुता, काका. पहिला घाव त्यालाच बसला."

"तू बघितलं?"

"तुमी बघितलं?"

दोघंबी त्या दिवशी आत न्हवते. हसीना मच्छिंद्राकडं वळली. "भाऊ, तुमी तरी बोला."

मच्छिंद्र म्हनला, "कडी तर आतूनच निघती, बाई."

हसीना पाराखालनं निघून गेली.

मठात मच्छिंद्रानं दार लोटलं, कडी घातली, पडला. डोळा लागला आसंल नसंल... दाराला धक्का बसला.

"कोन हाय?"

त्यानं कंदिलाची वात वर केली.

परत धक्का. ह्या खेपेला जोरात. वरनं माती सांडली. बाहेर लई पावलं. बोलनं न्हाई. नुसती पावलं...

कडी वाकाय लागली.

मच्छिंद्र उठला. दाराला पाठ लावली. टाचा रोवल्या. दार मागनं रेटतंय... ह्याचं बळ सरतंय... पाय घसरतायत...

आन् शेजारी कुनीतरी उभं राहिलं.

खांद्याला खांदा लागला. उघडा, घामानं भिजलेला. धापा ऐकू येतायत. ह्याच्या न्हवं... दुसऱ्याच्या.

मच्छिंद्रानं मान वळवली न्हाई. धीरच झाला न्हाई.

कानाशी एकच आलं, "सोडू नगं..."

मग कोंबडं आरवलं. दाराचा रेटा गेला. शेजारचा खांदाबी गेला.

सकाळी लोकांनी हाका मारल्या, तवा मच्छिंद्र तसाच दाराला टेकलेला. त्यानं कडी काढली, लोकांनी आत येऊन त्याला बाजूला घेतलं. शेनानं सारवलेल्या जमिनीत टाचांच्या दोन जोड्या रुतलेल्या. एक मच्छिंद्राची. दुसरी तिच्या शेजारी, चांगली वीतभर खोल.

गहिनीनाथ वाकला. लई येळ बघत राहिला. मग गवंड्याला म्हनला, "नाव कोर त्याचं." आन् टोपी हातात घेऊन निघून गेला. मच्छिंद्र तिथनं तडक हसीनाच्या दारात गेला.

खड्डे मुरूम घालून बुजवले. वरनं सारवलं. मी सोता हात लावून बघितलं, जमीन सपाट झाल्ती.

दुसऱ्या सकाळी मठ उघडला...

मच्छिंद्राच्या टाचा बुजलेल्या हुत्या. शेजारच्या दोन उघड्या. आन् त्यातली माती ओली.