रविराजच्या पलीकडं

"ओ भाऊ, जरा हात लावता का? ह्यो क्रेट एकटीला उचलंना."

धुकं इतकं दाट होतं, की भांडगावच्या फाट्यावर थांबलेल्या टेम्पोचे नुसते दिवे दिसत होते. टेम्पोतून उतरलेल्या उंच आकृतीला प्रगतीनं हाक मारली होती. शर्ट, पँट, कानापाशी कापलेले केस... आकृती जवळ आली, शेवंतीनं गच्च भरलेला क्रेट एका दमात टेम्पोत चढवला आणि वळून हसली.

"भाऊ तेवढं नको म्हणू. बाकी कायबी म्हण."

आवाज मुलीचा होता. एवढ्या थंडीत प्रगतीचे कान गरम झाले.

"अगं बया... मला वाटलं—"

"सगळ्यांना वाटतं. मी ज्ञानेश्वरी. निमोण्याची. ज्ञाना म्हणलं तरी चालंल."

टेम्पोवाल्या रविराजनं हॉर्न दाबला. तो यवतचा. न्हावऱ्याकडची फुलं भरून, चौफुल्यावरून भांडगावला यायचा आणि इथली फुलं घेऊन पुण्याच्या बाजारात जायचा. "प्रगते, लाजायचं काम नंतर कर. बाजार उठंल तिकडं!" तो ओरडला आणि धुक्यात निघून गेला.

ज्ञानाच्या मामाचं रान प्रगतीच्या रानाला लागूनच होतं. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून शेवंतीच्या हंगामापुरती ज्ञाना मदतीला आली होती. या दोन घरांची सावड होती. सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या रानात राबायचं, उद्या आम्ही तुमच्या. त्यात मजुरी नसते, फक्त माणसाच्या बदल्यात माणूस. त्यामुळं रोज पहाटे प्रगती आणि ज्ञाना एकाच वाफ्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर उभ्या राहायच्या. मधे फुलांची ओळ. एक फूल हिच्या हातात यायचं, एक तिच्या. कधी दोघींचा हात एकाच फुलावर पडायचा आणि मग फूल तसंच राहायचं.

"तोड की," ज्ञाना म्हणायची.

"तू तोड. पाहुणी हायस."

"पाहुणीला फूल देत्यात, तोडायला लावत न्हाईत."

दवानं आणि चिकानं प्रगतीची बोटं फुटली होती. ज्ञानाच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून आणले आणि प्रगतीच्या एकेका बोटावर रबराची टोपी चढवली. शेवटच्या बोटावरची टोपी तिनं का कोण जाणे दोनदा नीट केली...

"घट्ट होतंय का?"

"न्हाई," प्रगती म्हणाली. हात मात्र तिनं काढून घेतला नाही.

सगळं असं छान चाललं असताना रविराजनं ज्ञानाला टेम्पो शिकवायचं मनावर घेतलं.

बाजारातून परत आला, की तो पडीक रानात टेम्पो घालायचा आणि ज्ञानाला हाक मारायचा. बांधाच्या अलीकडून प्रगतीला सगळं ऐकू यायचं. "क्लच हळू सोड... अगं हळू! बैल न्हाई तो!" मग ज्ञानाचं मोठ्यानं हसणं. गिअरवर ज्ञानाचा हात आणि तिच्या हातावर रविराजचा हात.

"कळ्या का तोडतीयास?" सिंधूबाईनं विचारलं. ही प्रगतीची आत्या. आईमागं तिनंच प्रगतीला वाढवलं होतं.

प्रगतीनं खाली पाहिलं. कमरेच्या झोळीत मूठभर हिरव्या, न उमललेल्या कळ्या पडल्या होत्या.

"चुकून तुटल्या."

"चुकून?" आत्यानं टेम्पोकडं पाहिलं, मग भाचीकडं. पुन्हा टेम्पोकडं. आणि गालातल्या गालात हसली.

संध्याकाळी ज्ञाना भेळेचा पुडा घेऊन आली. "रविराजनं आणलीय यवतवरनं. खा."

"मला नको. ज्यांना डायवर आवडतो त्यांनी खावी."

ज्ञानानं पुडा मागं घेतला. "तुला न्हाई आवडत व्हय? मग दिवसभर टेम्पोकडं डोळं फाडून कुणासाठी बघतीस?"

"मी? टेम्पोकडं?"

"न्हाई तर काय! मला काय दिसत न्हाई?" ज्ञानाचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पुडा बांधावर ठेवून ती निघून गेली. भेळ कावळ्यांनी खाल्ली. प्रगती रात्री जेवलीच नाही.

दोघींनाही जे कळलं नव्हतं, ते आपल्याला कळलं अशी सिंधूबाईची खात्री झाली होती. यवतच्या आठवडे बाजाराच्या दिवशी ती भाजीची पिशवी घेऊन गेली, ती थेट रविराजच्या घरी. परत आली ती पेढे घेऊन. दोघी वाफ्यात होत्या.

"प्रगते, तोंड उघड! रविराजच्या आईच्या कानावर घातलं मी. तिला तू पसंत हायस. पुढच्या आठवड्यात बोलणी करायला येणार हाईत."

"आत्या! तुला कुणी सांगितलं हे?"

"सांगाया कशाला पायजे? तो दुसऱ्या पोरीशी बोलला की तू कळ्या तोडतीस. म्या काय आज जन्मले?"

प्रगतीनं ज्ञानाकडं पाहिलं. ज्ञानाचा चेहरा विझल्यासारखा झाला होता. तिनं पेढ्याचा एवढासा कण मोडून घेतला.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पोरगा चांगला हाय."

"ज्ञाना, ऐक तर—"

"मामीबी आता चालायला लागली. मला घरी कांदा लागणीला बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी वाफ्याच्या पलीकडं कोणी नव्हतं. प्रगती एकटीच फुलं तोडत होती. आपलं नेमकं काय दुखतंय हे तिला शोधून काढायचं होतं. तिनं मनातल्या मनात टेम्पोत रविराजच्या शेजारी एक वेगळीच मुलगी बसवून पाहिली. काहीच झालं नाही. मग तिनं रविराजला उतरवलं आणि ज्ञानाच्या शेजारी एक अनोळखी मुलगा बसवला. पोटात आग पडली. मुलाला काढून एक मुलगी बसवली, चांगली देखणी. आग दुप्पट झाली.

प्रगती वाफ्यातच खाली बसली. "अगं आई गं..." ती हळूच म्हणाली.

त्याच दुपारी तिनं आत्याला गाठलं. "आत्या, मला रविराज नको. त्यांना न्हाई म्हणून सांग."

"आन् एवढी जळत हुतीस ती?"

"मी त्याच्याकडं बघत नव्हते गं. मी त्याच्या पलीकडं बघत होते. तो आपला मधी उभा असायचा."

सिंधूबाई तांदूळ निवडत होती. पलीकडं कोण असायचं, हे आठवायला तिला वेळ लागला नाही.

"ती निमोण्याची?"

"व्हय."

"पोरीला पोरगी?"

"व्हय, आत्या."

आत्यानं सुपातला एक खडा वेचून लांब फेकला. "मला न्हाई कळत असलं," ती म्हणाली. "आन् तुझ्या बापाला तर मी आत्ताच कायबी सांगायची न्हाई. पण मनात एक आन् गळ्यात दुसरंच, असलं लगीन म्या लावायची न्हाई. यवतला जाऊन माझं नाक मी कापून घेते." मग तिनं सूप असं आपटलं, की चिमण्या उडाल्या. "कळ्या नासल्या त्या नासल्याच!"

निमोण्याला जायला प्रगतीला वाहन मिळालं तेही रविराजचंच. नाही म्हटल्याचा निरोप त्याला पोचला होता.

"मला तरी कुठं कुणी इचारलं होतं?" तो म्हणाला. "आन् तू माझ्याकडं अशी बघायचीस, जसं काय मी तुमची म्हैस पळवलीय. असली बायको कोण करंल?"

प्रगती हसली. टेम्पो चौफुल्यावरून वळला, भीमेचा पूल ओलांडून शिरूरच्या हद्दीत शिरला. मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "ज्ञाना कधी... माझं काय बोलायची का?"

"कधी? गिअर कमी आन् प्रगतीच जास्त! प्रगतीला काय आवडतं, प्रगतीला स्थळं येत्यात का... डोकं उठवलं होतं माझं."

निमोण्याच्या रानात बायका वाकून कांद्याची रोपं लावत होत्या. प्रगतीनं चपला बांधावर काढल्या, रोपांची एक जुडी उचलली आणि ज्ञानाच्या समोर चिखलात जाऊन उभी राहिली. कोणी काही विचारलं नाही. सावडीला आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही.

ज्ञानानं मान वर केली. "तू? बोलणी होती ना?"

"मोडली."

"का?"

"मी रविराजवर जळत होते."

"ते माहीत हाय मला," ज्ञाना रोप जमिनीत जरा जास्तच जोरानं खोचत म्हणाली.

"त्याच्यासाठी न्हाई गं... तुझ्यासाठी."

शेजारच्या ओळीतल्या बायका पुढं सरकल्या, मागं या दोघीच उरल्या.

"परत म्हण," ज्ञाना म्हणाली.

"न्हाई म्हणणार. एकदाच म्हणायला किती धीर लागला!"

"मीबी त्याच्यावरच जळत होते, येडे. तू बघायचीस त्याच्याकडं आन् मी क्लच तसाच सोडायचे... टेम्पो बंद!" ज्ञाना हसली, पण डोळे भरले होते. "मला सातवीपास्नं माहीत हाय माझं. वडलांना, आप्पांना सांगितलं तवा ते उठून रानात निघून गेले. संध्याकाळी आले आन् म्हणाले, केस कापायचे तर नीट कापून घे, उंदरानं कुरतडल्यावाणी दिसत्यात. बस, तेवढंच. पण सगळी आप्पांसारखी नसत्यात, प्रगते. तुझ्या घरी..."

"आत्याला सांगितलंय. वडलांना सांगायचं हाय. भ्या वाटतंय." प्रगतीनं एक रोप लावलं. "पण तू गेल्यावर वाटलं, ते त्याच्याहून वाईट होतं."

ज्ञानानं चिखलानं भरलेला हात पुढं केला आणि ओळीच्या मधोमध प्रगतीची बोटं धरली. कांद्याच्या पातीआड ते कोणाला दिसलं नाही. किंवा दिसलं असेल, तर कोणी बोललं नाही.

थोड्या वेळानं प्रगती कुजबुजली, "ती लाल स्वेटरवाली कोण गं? मघापास्नं तुझ्याकडं बघतीय."

"ती? चुलती हाय माझी."

प्रगतीनं पुन्हा एकदा लाल स्वेटरकडं नीट पाहून घेतलं.

"असू दे चुलती. तू जरा इकडं सरक."

ज्ञाना सरकली.