थेट बॅटरीवरून

बसा घटकाभर. त्या टायरवर बसलात तरी चालेल. खुर्चीचा पाय मोडलाय आणि तो बसवायचं सहा महिने माझ्या जिवावर आलंय. तुमचं काम लहानच आहे. गाणी वाजवायचं हे यंत्र मोटरसायकलच्या विजेवर चालवायचं, एवढंच ना? फक्त "थेट बॅटरीवरून देऊन टाका, घाई आहे" असं पुन्हा म्हणू नका. थेट दिलं तर दहा मिनिटांचं काम. चावीतून वायर द्यायची तर टाकी उतरवावी लागते, पुढचा दिवा खोलावा लागतो, तास जातो. मी तासच लावणार. का, ते सांगतो. हात चालू ठेवतो.

माझा धाकटा भाऊ रक्ताचे नमुने पोचवायचा. लहान लहान दवाखान्यांतून बाटल्या गोळा करायच्या, गार डब्यात भरायच्या आणि सकाळी सातच्या आत शहरातल्या प्रयोगशाळेत द्यायच्या. मध्यरात्र उलटली की निघायचा. "दादा, डोळे उघडे असतात, पण आत मी नसतो," म्हणायचा. एकदा झोपेत गाडी सरळ चरात घातली होती. नशीब, नुसतं खरचटलं.

त्यावर तोडगा काढला त्याच्या सात वर्षांच्या पोरीने. तिला आम्ही चिमणी म्हणतो. घरातल्या असल्याच एका जुन्या यंत्रात तिने प्रत्येक गाण्याच्या आधी स्वतःचा आवाज भरला. "बाबा, झोपलात का?" मग थोडी शांतता, बाबांनी उत्तर द्यायला. मग "बरं, ऐका," आणि गाणं. आणि हा वेडा खरंच भर रस्त्यात मोठ्याने उत्तर द्यायचा, "नाही गं, जागा आहे!"

यंत्राच्या पोटातली बॅटरी फुगली होती, ती मीच काढून फेकली. म्हणून ते गाडीवर चालवायचं ठरलं. तो संध्याकाळी आला. सकाळपासून मी नऊ गाड्या केल्या होत्या, पाठीचं लाकूड झालं होतं. सीट उचलली, थेट बॅटरीला वायर जोडली, वर पट्टी गुंडाळली.

"दादा, चावी काढली तरी वाजतंय की हे."

"उद्या चावीतून देतो. आज उतरलास की आठवणीने बटण बंद कर."

रात्रभर दवाखान्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाला मी आठवणीने बटण बंद करायला सांगत होतो. थेट दिलेली वायर थांबलेल्या गाडीचंही रक्त पीत बसते. प्रत्येक दवाखान्याबाहेर तेच झालं असणार. पहाटे दाट धुकं होतं, बघायला कुणी नव्हतं. रेल्वेच्या फाटकाशी त्याने गाडी बंद केली असणार, ती पुन्हा सुरूच झाली नाही. पुढचा दिवा नाही, मागचा लाल दिवाही नाही. तो गाडी ढकलत होता, आणि मागून ट्रक आला.

पाच वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला होता. मी त्याचं नाव पाहिलं, फोन पालथा केला आणि कूस बदलली.

सगळे म्हणाले, झोप लागली असेल त्याला. मी हो म्हणालो. गाडी माझ्याच शेडमध्ये आणून लावली होती. बॅटरी तपासली, पार मेलेली. मी ती काढून भंगारात टाकली आणि तोंड शिवून घेतलं. भावजय रडायची आणि चिडायचीही; मेलेल्या माणसावर चिडायची. तेही मी सोसलं. पण एक दिवस चिमणी हळूच जवळ आली आणि म्हणाली, "काका, माझा आवाज बारीक होता का हो?"

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. माझी लाज वाटते मला.

तीन महिन्यांनी भर दुपारी भावजय शेडमध्ये आली. "भाऊजी, ते यंत्र काढून द्या. पोरीला ते फेकून द्यायचंय, म्हणते माझ्यामुळे झालं." लाईट गेली होती. पंखा बंद, समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज बंद. इतकं शांत की टाकीवर बसलेली माशी ऐकू येत होती. आतमध्ये जळक्या वायरीचा वास सुटला होता, आणि जळायला तर कुठे वीजच नव्हती.

मी गाडीजवळ वाकलो. बॅटरीची जागा रिकामी होती. माझ्या वायरीची दोन्ही टोकं उघडी लोंबत होती. मी यंत्राला हात लावला. ते कोमट होतं.

आणि त्याचा हिरवा दिवा लागला.

मी तीस वर्षं हे काम करतोय. वीज कुठून येते हे लोक मला विचारायला येतात.

"बाबा, झोपलात का?" चिमणीचा आवाज. शांतता. मी गाण्याची वाट पाहत राहिलो. गाणं आलं नाही. शांतता लांबत गेली... मग त्या लहानशा कर्ण्यातून दमलेल्या माणसाच्या धापा ऐकू आल्या. जड काहीतरी ढकलत चालल्यासारख्या.

"नाही गं... जागा आहे... गाडी बंद पडलीय... काकाला फोन लावतोय..."

भावजय दाराशी उभी होती. 

"भाऊजी... हे जागे होते?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. पण मी फार दमलो होतो हो. खोटं उचलून धरायलाही अंगात जोर लागतो.

"जागा होता," मी म्हणालो. "झोपलो होतो तो मी." आणि सगळं सांगितलं. वायर, बटण, फोन, भंगारात टाकलेली बॅटरी. मला वाटलं, ती मारेल. मारायला हवं होतं. तिने यंत्र पदरात गुंडाळलं, दारापर्यंत गेली आणि मागे न बघता म्हणाली, "हे चिमणीला तुम्ही सांगायचं. आजच."

सांगितलं. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे माझा आवाज बाबांना ऐकू येत होता?" हो म्हणालो तेव्हा कुठे तीन महिन्यांनी ती पोटभर जेवली.

इथे संपलं असतं तर बरं होतं. आठ दिवसांनी ती शाळेतून परस्पर इथे आली, जिथे तुम्ही बसलात तिथेच बसली आणि पाय हलवत म्हणाली, "काका, बाबा विचारतात, चावीतून दिलं का?"

सगळं सांगितलं तेव्हाही हे एवढं मी भावजयीला सांगितलं नव्हतं. "उद्या चावीतून देतो" हे त्याच्या नि माझ्यातलं बोलणं होतं.

त्याच संध्याकाळी मी त्या मोडक्या गाडीची टाकी उतरवली. वायर चावीतून दिली, फ्यूज टाकला, जोड डाख देऊन पक्के केले. आयुष्यात इतकं नीट काम केलं नसेल. वाटलं, आता तरी झोप लागेल. नाही लागत. पाचच्या सुमाराला डोळे आपोआप उघडतात.

झालं तुमचं. चावी फिरवा... वाजतंय? आता काढा. बंद झालं ना? असं पाहिजे.

जाता जाता एक काम करा माझं. तुमच्या मागे कोपऱ्यात ती गाडी आहे. बॅटरी तिला अजून बसवलेली नाही. चावी ही बघा, माझ्या खिशात आहे. जरा वळून तिच्या मागच्या दिव्याकडे बघा. लाल दिसतोय का?

तुम्हालाही दिसतोय... मला वाटायचं, झोप नाही म्हणून मलाच दिसतो.