सातव्या मजल्यावरचे चौघे

शनिवारी दुपारी वडील भुयारात होते, आणि मुलगी स्वयंपाकघरातून हाका मारत होती.

"बाबा, ताट वाढलंय!"

"आलो गं. तू इकडे ये, बस ना जरा. हा दरवाजा बघ, काय सुरेख केलाय!"

"नंतर."

भुयार टीव्हीवर होतं. वडिलांनी आयुष्यभर इमारतींमध्ये लिफ्ट बसवल्या. निवृत्त झाल्यावर जुन्या खेळांच्या दुकानातून त्यांनी हा एक खेळ आणला. चौघांची टोळी घेऊन अंधाऱ्या भुयारात मजल्यामागून मजला खाली उतरायचं, राक्षसांशी लढायचं, आणि जमलं तर जिवंत वर यायचं. "जन्मभर लोकांना वर नेलं," ते म्हणायचे, "आता जरा खाली काय आहे ते बघतो."

मुलगी एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. खेळाच्या डबीवरचं भडक चित्र पाहूनच तिनं त्याला नापास केलं होतं.

"गार होतंय, बाबा. राहू द्या त्यांना तिथंच."

"मध्येच अडकलेत गं चौघे. जिन्यापर्यंत तरी..."

"कुठे पळून जात नाहीत ते!"

वडील उठले. दोन मजल्यांच्या मध्ये कुणाला अडकवून ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या दिवशी तो त्यांनी लेकीसाठी मोडला. जेवताना ते दरवाजाबद्दलच बोलत राहिले आणि ती "हं" म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दोनेक महिन्यांनी ती ते खेळाचं यंत्र कापडी पिशवीत घालून त्या जुन्या खेळांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी खोली. तिथं एक तरुण, कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून, कसलंसं बटण डाग देऊन जोडत होता.

"हे परत घ्याल?"

यंत्रावर वडिलांनी लिफ्टमधली जुनी पट्टी चिकटवली होती – 'जास्तीत जास्त सहा माणसे'. ती पाहताच त्याचा हात थांबला.

"काका...?"

तिनं मान हलवली. तो बराच वेळ यंत्र फडक्यानं पुसत राहिला, मग तपासायला म्हणून त्यानं ते टीव्हीला जोडलं. पडद्यावर अंधारी वाट उजळली आणि मशाल थरथरू लागली.

"हे मी घेऊ शकत नाही," तो म्हणाला.

"का? बिघडलंय?"

"नाही. आत माणसं आहेत."

ती हसणार होती, पण तो थट्टा करत नव्हता.

"सातव्या मजल्यावर अडकलीत. मशाल संपत आलीय. या खेळात मेलेला परत उठत नाही – एकाला एकच जीव. मी आतलं सगळं पुसून हे विकलं, तर काकांची माणसं..."

"मग तुम्हीच आणा त्यांना वर."

"टोळी तुमच्या घरची आहे. मी फार तर वाट दाखवेन."

तिनं पडद्यावर खाली लिहिलेली नावं वाचली. पुढच्या रांगेत ढाल घेतलेला 'लिफ्टमन', त्याच्या शेजारी मशालवाल्या 'बाईसाहेब' – म्हणजे आई, कधीच गेलेली. मागच्या रांगेत जादूगारीण 'चष्मिष्ट'. तिनं नाकावरचा चष्मा सरळ केला; ही कोण, हे विचारायची गरज नव्हती. आणि चष्मिष्टच्या अगदी शेजारी, कुलपं उघडणारा 'बटणराव'.

"हा बटणराव कोण?"

त्याच्या कानामागचा स्क्रूड्रायव्हर खाली पडला. "असेल... कोणीतरी."

मग तो रविवारी दुपारी घरी येऊ लागला. ती रिमोट तापल्या भांड्यासारखा धरायची.

"दाबा की! चावत नाही तो."

"तो चावतोय!"

"लांडगा चावणारच. मी रिमोटचं म्हणतोय."

ती हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच हसली.

सातव्या मजल्यावरून वर जायची वाट वडील दाखवत होते त्याच दरवाजातून होती. दगडी दरवाजा, आणि त्यावर आजवर इथून गेलेल्यांच्या हातांचे ठसे कोरलेले – मोठे, लहान, एक तर तान्ह्या बाळाचा. तिनं जादू करून पाहिली, बटणरावाकडून कुलूप शोधवलं, लिफ्टमनला धडका मारायला लावल्या. दरवाजा ढिम्म.

"तुम्हाला माहितीय कसा उघडतो ते," ती चिडून म्हणाली.

"माहितीय."

"मग सांगा!"

"चहा टाका आधी."

चहा आला. रिमोट सतरंजीवर पडून होता, पडद्यावर चौघे आपोआप मशालीभोवती बसले होते. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. कपातला चहा अर्धा झाला असेल – आणि दरवाजावरचा एकेक हात उजळू लागला. दगड आवाज न करता सरकला.

"फक्त बसायचं होतं...?"

"फक्त बसायचं." तो कपात बघत म्हणाला, "काकांना ठाऊक होतं. शेवटचे आले तेव्हा म्हणाले, तिथं एकट्याला बसवत नाही रे, लेकीला घेऊन बसतो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा त्यानं दोन्ही कप उचलून ठेवले होते, आणि तिच्याकडे न बघता तो पडदा बघत होता. त्या न बघण्यासाठी तो तिला फार आवडला.

खेळ खरंच चांगला होता. प्रत्येक मजल्याचा आवाज निराळा. भिंतींवर एकेकच ओळ आणि त्या ओळीत एकही शब्द जास्तीचा नाही. व्यवसायाच्या सवयीनं तिनं चुका शोधल्या. सापडल्या नाहीत. कामावर मुद्रितं वाचतानाही तिला पाचव्या मजल्यावरचा आंधळा वाटाड्या आठवायचा.

एका रविवारी आत्या टपकली. दारातच थबकली.

"अगंबाई! हाच का तो बटणराव?"

"आत्या, तू ओळखतेस?"

"दादा सांगायचा ना! दुकानातला पोरगा गुणी आहे, नुसती बटणं जोडत बसतो, आमच्या चष्मिष्टच्या शेजारी बसवून बघतो म्हणे." आत्यानं पिशवी ठेवली. "मला वाटलं, लग्नाचं म्हणतोय. हे तर टीव्ही बघतायत."

त्याचे कान लाल झाले. तिनं घाईघाईनं लिफ्टमनला भिंतीवर आपटलं.

त्यानंतर टोळी सारखी वाट चुकू लागली.

"हा खांब आपण मागच्या रविवारी पाहिला," तो म्हणाला.

"हो का?"

"त्याच्या आधीच्याही."

"खांब सगळे सारखेच असतात हो."

"मुद्रितं तपासता तुम्ही. तुम्हाला सारखे दिसतात?"

तिनं टोळी पुन्हा त्याच खांबाकडे वळवली. तो निघाला की ती त्याला लिफ्टनं खालपर्यंत सोडायला जायची. वडिलांनी बसवलेली ती लिफ्ट भारी सावकाश उतरायची, आणि दोघांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती.

पण मशाल अगदीच संपत आली. आणखी एक चुकीचं वळण घेतलं असतं, तर चौघे अंधारातच राहिले असते. तिनं ओठ घट्ट मिटले आणि सरळ जिना धरला.

वर पहाट होती. इतके दिवस काळा असलेला पडदा एकदम केशरी झाला. चौघे विहिरीच्या काठावर बसले – लिफ्टमन आणि बाईसाहेब पुढे, चष्मिष्ट आणि बटणराव मागे. मशाल आपोआप विझली.

"आले," तो हळूच म्हणाला. "सगळे आले वर."

मग उठला. बॅग खांद्याला लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली.

"तर मग... पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी काय?"

"काही नाही. खेळ संपला ना."

तो दारापर्यंत गेला. तिच्या ओठांवर सवयीचा तोच शब्द आला – नंतर. तिनं वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"बाबा, फार सुंदर आहे हो तुमचा खेळ," ती म्हणाली. मोठ्यानं, ऐकू जाईल असं.

तो दारात वळला.

"आणि तू... बस ना जरा. मला तू आवडतोस."